भट्टी चालू असताना हत्यार बदलणं : व्हीबी ६ मधल्या एका बिलिंग सॉफ्टवेअरचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. ग्रे आयर्नची कास्टिंग ओतायची, फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) करायचं, काही माल मशिनिंगला बाहेर जॉबवर्कला द्यायचा आणि तयार माल कंपन्यांना पाठवायचा असं तिचं काम. बिलं, डिलिव्हरी चलनं, जॉबवर्कचा हिशेब, रिजेक्शनच्या नोंदी, कामगारांचं पगारपत्रक, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं. ते आम्ही २००३ साली व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिलं. तेव्हापासून वीस वर्षं त्यात भर पडत गेली. व्हॅट आला, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. प्रत्येक वेळी चार-सहा फॉर्म बदलले आणि काम पुढे चालू राहिलं.

मे २०२३ मध्ये अधिसूचना निघाली. १ ऑगस्टपासून ५ कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, सक्तीचं. त्याआधी ही मर्यादा १० कोटींची होती, म्हणून आमची फाउंड्री त्यातून सुटली होती. आता सुटका नव्हती. मालकांचा फोन आला, "आपल्याच सॉफ्टवेअरमधनं होईल का हे? नाहीतर तसं स्पष्ट सांगा, दुसरं बघतो."

त्या फोनपासून आमच्या ऑफिसात जी चर्चा सुरू झाली, ती खरं म्हणजे दहा वर्षं पुढे ढकललेली चर्चा होती. व्हीबी ६ सोडायचं की नाही? आम्ही चौघं. मी, हे सॉफ्टवेअर मुळात ज्यांनी लिहिलं ते आमचे थोरले भागीदार, दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग करून आलेली एक मुलगी आणि ग्राहकांकडे जाऊन सपोर्ट देणारा एक मुलगा. चौघांची मतं चार दिशांना होती, आणि प्रत्येकाच्या मताला आधार होता.

नवीन मुलीचं म्हणणं सरळ होतं. "सर, ही भाषा १९९८ ची आहे. माझा जन्म त्यानंतरचा. हे शिकून मी पुढे कुठे जाऊ?" हा प्रश्न मला लागला. हत्यार जुनं झालं की ते चालवायला नवी माणसं मिळत नाहीत, हा तोटा हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. तो एकदम दिसतो, तेही जुना माणूस आजारी पडल्यावर.

थोरल्यांचं म्हणणं वेगळं. "चालतंय ते मोडू नका. पुन्हा लिहायचं म्हणजे वीस वर्षांत केलेल्या दुरुस्त्या पुन्हा करायच्या." हेही खरं होतं. कोडमध्ये अशा कितीतरी ओळी होत्या ज्यांचं कारण फक्त त्यांना ठाऊक होतं.

आधी आम्ही कागदावर वस्तुस्थिती मांडली. व्हीबी ६ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात, आणि बरेच लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे प्रोग्राम लिहायचं साधन, ज्यात आपण फॉर्म काढतो, कोड लिहितो आणि ईएक्सई, म्हणजे चालवायची तयार फाइल, बनवतो. त्याचा वाढीव सपोर्टसुद्धा एप्रिल २००८ मध्ये संपला. दुसरी म्हणजे तयार ईएक्सई चालवायला लागणारं रनटाइम. ते विंडोजबरोबरच येतं, आणि ज्या विंडोजबरोबर येतं तिला जोवर सपोर्ट आहे तोवर त्यालाही आहे, असं मायक्रोसॉफ्टचं जाहीर धोरण आहे. तेव्हा विंडोज १० आणि ११ दोन्ही त्यात येत होत्या. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, पण ३२ बिटचे प्रोग्राम ती चालवते, त्यामुळे आमची ईएक्सई तिथेही चालते.

ऑगस्ट २०१९ मध्ये या धोरणाची परीक्षा झाली होती. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनंतर व्हीबी ६ चे प्रोग्राम आणि एक्सेलमधले मॅक्रो 'इनव्हॅलिड प्रोसीजर कॉल' म्हणून बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि काही दिवसांतच दुरुस्ती दिली. मला त्यातून दोन्ही गोष्टी दिसल्या. आपली बिलं मायक्रोसॉफ्टच्या दर महिन्याच्या मंगळवारच्या अपडेटवर अवलंबून आहेत, आणि तरीही इतका जुना पाया त्यांनी वाऱ्यावर सोडलेला नाही.

मग पर्याय. सगळं नव्याने लिहिणं हा पहिला. त्याला पावणेतीन महिने कुठेच पुरणार नव्हते, आणि पैशांचा प्रश्न होता. मालक म्हणाले असते, आत्ता जे मिळतंय तेच मिळवायला पुन्हा पैसे कशाला? त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दुसरा पर्याय होता कोड आपोआप व्हीबी डॉटनेटमध्ये, म्हणजे त्याच भाषेच्या नंतरच्या रूपात, बदलून घेण्याचा. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या साधनाबरोबर २००८ च्या आवृत्तीपर्यंत असा विझार्ड येत असे, २०१० पासून तो काढून टाकला. थोरल्यांनी पूर्वी एकदा तो वापरून पाहिला होता. बदललेला कोड ज्या सुसंगतता लायब्ररीवर उभा राहतो, ती डॉटनेट ४ पासून स्वतःच कालबाह्य ठरवलेली आहे, म्हणजे एका जुन्या घरातून निघून दुसऱ्या जुन्या घरात जायचं. त्यात मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं होतं की व्हीबी ही भाषा आता पुढे वाढवणार नाही. नव्याने शिकायचंच तर सी शार्प ही मायक्रोसॉफ्टचीच दुसरी भाषा शिकावी, यावर मात्र चौघांचं एकमत झालं. ट्विनबेसिक नावाचा एक नवा कंपायलर (कोडवरून ईएक्सई बनवणारा प्रोग्राम) व्हीबी ६ चा कोड जवळजवळ जसाच्या तसा घेतो, ६४ बिटची ईएक्सई देतो. तो आम्हाला मनापासून आवडला, पण तेव्हा तो बीटा अवस्थेत होता. पुढे काय होतंय ते बघू, असं ठरवून तो बाजूला ठेवला.

राहिला चौथा पर्याय, आहे तेच वापरत राहायचं आणि ई-इन्व्हॉइस व्हीबी ६ मध्येच लिहायचं. हे अशक्य नव्हतं. विंडोजमधल्या विनएचटीटीपीने सर्व्हरशी बोलता येतं, जेसन (डेटा पाठवायची मजकुराची ठरलेली मांडणी) वाचायला लोकांनी लिहिलेली मॉड्यूल मिळतात, क्यूआर कोड काढायचा कोडही सापडतो. थोरल्यांनी दोन दिवसांत जेसन तयार करून दाखवलं सुद्धा. जून उजाडेपर्यंत आमचा कल याच बाजूला होता.

मग ऑफिसातला जुना मशीन बंद पडला.

तो विंडोज एक्सपीचा मशीन होता. व्हीबी ६ त्याच्यावर बसवलेलं, फाउंड्रीची ईएक्सई कायम त्याच्यावरच बनायची. सोर्स कोडचा बॅकअप दुसरीकडे होता, त्यामुळे हार्ड डिस्क गेली तरी आम्ही घाबरलो नाही. विंडोज १० च्या मशीनवर व्हीबी ६ बसवायला घेतलं. त्याचा इन्स्टॉलर जुना जावा शोधत अडून बसतो, तेव्हा विंडोजच्या फोल्डरमध्ये त्या नावाची रिकामी डीएलएल फाइल ठेवली की पुढे जातो, ही युक्ती थोरल्यांना माहीत होती. सर्व्हिस पॅक ६ बसवला. प्रोजेक्ट उघडला आणि बिलाचा मुख्य फॉर्म उघडेना. या घटकाचं लायसन सापडत नाही, डिझाइनमध्ये तो वापरता येणार नाही, असा संदेश.

त्या फॉर्मवर रकान्यांचा तक्ता दाखवणारा एक ग्रिड होता, बाहेरच्या एका कंपनीकडून विकत घेतलेला ओसीएक्स, म्हणजे फॉर्मवर बसवायचा तयार घटक. ईएक्सई चालवायला त्याचं लायसन लागत नाही, म्हणून फाउंड्रीत सगळं सुरळीत होतं. पण फॉर्म उघडून त्यात बदल करायचा तर लायसनची नोंद त्या मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लागते. ती नोंद डिस्कबरोबर गेली होती. मूळ सीडी कुणाकडे नव्हती आणि विकणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. थोडक्यात, आमच्याकडे आमचाच सोर्स कोड होता आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म आम्हाला बदलता येत नव्हता. सक्तीची तारीख सात आठवड्यांवर.

डेटा परत मिळवून देणाऱ्या एका माणसाने पाच दिवसांनी डिस्कमधली रजिस्ट्रीची फाइल काढून दिली. नोंद मिळाली, फॉर्म उघडला. ते पाच दिवस मी नीट झोपलो नाही. पण चर्चेचा प्रश्न त्या पाच दिवसांत बदलून गेला. तोवर आम्ही विचारत होतो, व्हीबी ६ जुनं झालंय का? आता विचारू लागलो, उद्या सगळी मशीन गेली तर कोऱ्या मशीनवरून ही ईएक्सई पुन्हा बनवता येईल का, आणि ती बनवता येणारी माणसं किती? उत्तर होतं, नाही, आणि एक.

या कसोटीवर आम्ही सॉफ्टवेअरचे तुकडे पाडले. बिल, चलन आणि जॉबवर्क व्हीबी ६ मध्येच ठेवायचं, पण कोऱ्या मशीनवर बनवता येईल असं करून. ई-इन्व्हॉइस वेगळा प्रोग्राम, सी शार्पमध्ये. आणि पगारपत्रक त्यानंतर पूर्ण नव्याने, त्याचं कारण वेगळं होतं, ते पुढे सांगतो.

कोऱ्या मशीनचं काम आधी घेतलं. बाहेरचा ग्रिड काढून त्याच्या जागी व्हीबी ६ बरोबर येणारा फ्लेक्सग्रिड बसवला. दिसायला तो साधा आहे, डिस्पॅचच्या क्लार्कने दोन दिवस कुरकुर केली, मग सवय झाली. सोर्स कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकला. इथे ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण आमचा एक अख्खा दिवस त्यात गेला. व्हीबी ६ च्या फाइलींत ओळीचा शेवट विंडोजच्या पद्धतीनेच हवा. गिटने तो बदलला तर फॉर्मची फाइल फॉर्म म्हणून उघडतच नाही. गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये या फाइलींसाठी सीआरएलएफ, म्हणजे विंडोजचा हाच ओळशेवट, पक्का करून ठेवावा. दुसरं म्हणजे हे साधन व्हेरिएबलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं स्वतःच बदलतं. एका जागी कुणी वेगळं टाइप केलं की सगळ्या फाइलींत ते नाव बदलतं आणि शेकडो ओळी बदलल्यासारख्या दिसतात. खरा बदल त्या गर्दीत हरवतो. अशा वेळी नुसत्या अक्षरांचा बदल वेगळा नोंदवायचा, असा नियम आम्ही केला.

शेवटी एका व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच चालणाऱ्या दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर) विंडोज, व्हीबी ६ आणि सगळे ओसीएक्स बसवून प्रत्येक पायरी लिहून काढली. ती यादी नव्या मुलीने एकटीने वापरली आणि ईएक्सई बनवली. माझ्यासाठी या प्रकरणातला सगळ्यात समाधानाचा दिवस तो.

ई-इन्व्हॉइसची जोडणी मुद्दाम ओबडधोबड ठेवली. व्हीबी ६ बिल सेव्ह करताना डेटाबेसच्या एका टेबलात एक ओळ टाकतं. सी शार्पचा प्रोग्राम ती ओळ उचलतो, जेसन करून जीएसपीमार्फत, म्हणजे जीएसटीच्या यंत्रणेशी जोडून देणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, पाठवतो आणि ६४ अक्षरांचा आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक), सही केलेला क्यूआरचा मजकूर त्याच ओळीत परत लिहितो. मग व्हीबी ६ बिल छापतं. दोघे एकमेकांना थेट हाक मारत नाहीत. एक बंद पडला तरी दुसरा अडत नाही, आणि चूक कुणाची ते टेबल बघून कळतं.

सी शार्प ठरल्यावर डॉटनेटचं, म्हणजे तिचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या पायाचं, कोणतं रूप घ्यायचं यावर मुलीचं आणि माझं जुळलं नाही. तिला डॉटनेट ६ हवं होतं. मी डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ चा आग्रह धरला. ४.८ विंडोजबरोबर येतं आणि त्याचा सपोर्ट विंडोजच्या आयुष्याशी बांधलेला आहे. डॉटनेट ६ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये संपणार होता, म्हणजे दीड वर्षात ग्राहकाकडे पुन्हा नवीन रनटाइम बसवायला जायचं. जुनं सोडून नवं घ्यायचं म्हटलं की आपण गृहीत धरतो की नवं जास्त टिकेल. इथे उलट होतं. २००८ मध्ये सोडलेल्या साधनाचं रनटाइम अजून विंडोज सांभाळतंय आणि अगदी नव्याला तीनच वर्षांची मुदत. मुलीचा मुद्दा मात्र मी खोडू शकलो नाही. तिला पुढे जे काम मिळेल ते नव्या डॉटनेटवरचं असेल. फाउंड्रीसाठी ४.८ घेतलं, आणि आमच्या पुढच्या नव्या कामाला तिचं म्हणणं चालवायचं असं ठरलं.

१ ऑगस्टला पहिलं बिल गेलं. आयआरएन आला, क्यूआर छापला, गाडी गेटबाहेर पडली. मालकांचा दुपारी फोन आला, फक्त "झालं." एवढंच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या ग्राहक कंपनीने काही बिलं अडवली. त्यांच्या संगणकातली रक्कम आणि छापील बिलावरची रक्कम दोन पैशांनी वेगळी येत होती. ई-इन्व्हॉइस पोर्टल एक रुपयापर्यंतचा फरक चालवून घेतं, म्हणून तिथे काही अडलं नव्हतं. ग्राहकाची यंत्रणा पैशाला पैसा जुळवत होती. शोधलं तर गोलाईचा घोळ. १,०१२.५० रुपयांच्या मालावर ९ टक्के सीजीएसटी होतो ९१.१२५. आमच्या व्हीबी ६ च्या कोडने तो फॉरमॅट फंक्शनने छापला, ते अर्धा पैसा वर ढकलतं, म्हणून ९१.१३. सी शार्पचं मॅथ.राउंड, आपण वेगळं सांगितलं नाही तर, अर्धा असेल तेव्हा सम अंकाकडे जातं, म्हणून ९१.१२. एसजीएसटीतही तेच, म्हणून दोन पैसे. गंमत नव्हती ती, फाउंड्रीचे पैसे अडकले होते. आणि खरं म्हणजे व्हीबी ६ चं स्वतःचं राउंड फंक्शनही सम अंकाकडेच जातं. वीस वर्षांपूर्वी थोरल्यांनी तिथे मुद्दाम फॉरमॅट वापरलं होतं. ते का, हे नव्या कोडच्या वेळी कुणी विचारलं नाही. ही चूक माझी. दोन प्रोग्रामांनी एकच आकडा वेगवेगळा काढायचाच कशाला? त्या दिवसापासून कर एकदाच, व्हीबी ६ मध्ये काढला जातो आणि टेबलातून पुढे जातो. दुसरा प्रोग्राम फक्त पोहोचवतो.

आता पगारपत्रक. ते मराठीत आहे, कारण कामगार सही करण्याआधी ते वाचतात. व्हीबी ६ आतून युनिकोड धरतं, पण त्याच्या टेक्स्टबॉक्सला आणि लेबलला युनिकोड कळत नाही. देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. म्हणून २००३ साली सगळ्यांनी जे केलं तेच आम्ही केलं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चिन्हं बसवलेला फॉन्ट वापरला. त्या फॉन्टांमुळेच महाराष्ट्रातली कितीतरी कार्यालयं मराठीत काम करू शकली, हे विसरून चालणार नाही. पण डेटाबेसमध्ये नाव म्हणून जे साठतं ते मराठी नसतं, ती चिन्हांची दिसेल तशी मांडणी असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी साठते. त्यामुळे नावांची यादी अकारविल्हे लावली की निकम, पिसाळ, भिसे, शिंदे, शिर्के हे सगळे एका घोळक्यात यायचे, आणि शेळके कुठेतरी लांब. टाइमकीपरला हे इतकं सवयीचं झालं होतं की तो शिंदे शोधायला थेट त्या घोळक्याकडेच जायचा.

इथे हत्यार बदलण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून पगारपत्रक सी शार्पमध्ये नव्याने लिहिलं. प्रोग्राम महिन्याभरात झाला. नावं युनिकोडमध्ये आणायला त्याहून जास्त वेळ लागला. त्या फॉन्टमध्ये 'ग' म्हणजे अर्धा ग आणि काना अशी दोन चिन्हं, आणि तोच काना 'गा' मध्ये पुन्हा. रफार दिसतो अक्षराच्या डोक्यावर, म्हणून साठतो शेवटी, पण युनिकोडमध्ये अर्धा र आधी यायला हवा. आमच्या पहिल्या फेरीत तो एकच चिन्ह मागे सरकला आणि शिर्के यांच्या नावात क आणि मात्रा यांच्या मधे जाऊन अडकला. तुटलेलं अक्षर छापून आलं. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे ओलांडून रफार पूर्ण अक्षराच्या मागे न्यायचा, हे नीट लिहिल्यावर बहुतेक नावं सुधारली.

तरीही मी यादी छापून टाइमकीपरकडे नेली. त्याने लाल पेन घेऊन एकेक नाव वाचलं. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नीट जमत नाही म्हणून वर्षांपूर्वी कुणीतरी जवळचं चिन्ह वापरून वेळ निभावली होती, अशी नावं त्यानेच काढली. प्रोग्रामला ती बरोबरच वाटत होती. पुढच्या पगाराला एक मोल्डर पत्रकाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या आडनावातला ऱ्य वीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर आला होता.

सध्या परिस्थिती अशी आहे. बिल, चलन, जॉबवर्क व्हीबी ६ मध्येच चालतं. दर तिमाहीला कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर ईएक्सई बनवून बघायची, आणि ती थोरल्यांनी बनवायची नाही, हा नियम आहे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार म्हणून फाउंड्रीने विंडोज ११ चे नवे संगणक घेतले, तेव्हा बसवायचं काम सपोर्टच्या मुलाने एकट्याने यादी बघून केलं. जॉबवर्क पुढे कधीतरी बाहेर काढायचं आहे. घाई नाही, पण तयारी सुरू आहे. शनिवारी दुपारी थोरले आणि ती मुलगी कोड उघडून बसतात. ती ओळ वाचते, ते कारण सांगतात, ती शेजारी लिहिते. मागच्या शनिवारी एका ओळीवर दोघं थांबली. ग्राहक क्रमांक १७ असेल तर वजनातून १४ किलो वजा करा. थोरल्यांना पटकन आठवेना. चहा झाल्यावर आठवलं. तो ग्राहक माल लाकडी पॅलेटसह वजन करायचा. मुलीने डिस्पॅचला फोन लावून विचारलं, अजून तसंच करतात का. तिकडून उत्तर आलं, चार वर्षं झाली, आता लोखंडी आहेत आणि त्यांचं वजन वेगळं आहे.